ओली गादी आणि पाठीच्या कण्यातला रिफ्लेक्स

नवजात बाळाला तळहातावर पालथं घेऊन कण्याच्या एका बाजूने बोट वरून खाली कमरेपर्यंत ओढलं, की बाळाची कंबर त्याच बाजूला वळते. योहान सुस्मान गालांट या रशियन वैद्याने १९१७ मध्ये बाझेल इथल्या आपल्या प्रबंधात या हालचालीचं वर्णन केलं आणि तिला त्याचं नाव मिळालं. बालरोगतज्ज्ञ आजही नवजात बाळाच्या तपासणीत ‘गालांट रिफ्लेक्स’ बघतात. तो जन्मतः असतो आणि साधारण पहिल्या वर्षातच मावळतो. मोठा होत जाणारा मेंदू अशा आदिम प्रतिक्षिप्त क्रियांना आवर घालत जातो.

याच रिफ्लेक्सशी आता एक वेगळा दावा जोडला जातो. काही मुलांमध्ये तो मावळतच नाही, झोपेत पायजम्याचं इलॅस्टिक किंवा चादरीची चुणी कमरेला घासली की तो जागा होतो आणि त्याबरोबर मूत्राशय रिकामं होतं, असं हा दावा सांगतो. उपायही ठरलेला आहे. ठरावीक हालचालींचे व्यायाम महिनोन्‌महिने करून रिफ्लेक्स ‘विरवायचा’, मग गादी कोरडी राहील. इंग्लंड-स्वीडनमधून निघालेली ही पद्धत आता मुंबई-पुण्यातल्या काही थेरपी केंद्रांतही ‘रिफ्लेक्स इंटिग्रेशन’ या नावाने ऐकू येते. सात-आठ वर्षांचं मूल रोज सकाळी खाली मान घालून उठत असेल, तर आईवडिलांना हा रस्ता जवळचा वाटणं स्वाभाविक आहे. त्यात औषध नाही, सुई नाही आणि मुलाला दोषही दिलेला नाही. म्हणूनच त्याची नीट छाननी व्हायला हवी.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १५ टक्के मुलं रात्री अंथरूण ओलं करतात, त्यांत मुलगे जास्त. यातली साधारण १५ टक्के मुलं दर वर्षी कोणत्याही उपचाराविना कोरडी होतात. तरीही पंधराव्या वर्षी एक-दोन टक्के उरतातच. चाळीस मुलांच्या दुसरीच्या वर्गात अशी दोन-तीन मुलं सहज असतात आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटत असतं, की जगात आपण एकटेच असे आहोत. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ हॅरी बॅकविन यांनी १९७०च्या दशकात मांडलेले आकडे अजूनही उद्धृत होतात: आई-वडील दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल तर ७७ टक्के मुलांना, एकालाच असेल तर ४४ टक्के मुलांना आणि दोघांनाही नसेल तर १५ टक्के मुलांना तो होतो. डॉक्टरांनी विचारल्यावर बाबा जरा घुटमळतात आणि शेवटी आजी सांगून टाकते, ‘हा तर चौथीपर्यंत करायचा!’ त्या एका वाक्याने मुलाच्या मनावरचं निम्मं ओझं उतरतं. ते घरात आधीच बोललं गेलं तर किती बरं.

उपायांचा इतिहास मात्र वाचवत नाही. सोळाव्या शतकात टॉमस फेअर या इंग्रज वैद्याने मुलांच्या आजारांवर लिहिलेल्या पुस्तकात अंथरूण ओलं करण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि कोंबड्याची श्वासनलिका भाजून तिची पूड देण्यासारखे उपाय आहेत. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेत बालरोगांच्या यादीत ‘शय्यामूत्र’ येतं. घरगुती उपायांत काळे तीळ आणि गूळ अजूनही दिले जातात. ते निदान खायला गोड लागतात. फार वाईट उपाय तो, ज्यात मुलाला लाज आणायची असते. ‘शेजारच्या काकूंना सांगेन’ ही धमकी किती घरांत दिली गेली असेल! अमेरिकन अभिनेता मायकेल लँडनची आई ओली चादर खिडकीबाहेर सर्वांना दिसेल अशी वाळत घालायची. मित्रांच्या नजरेस पडण्याआधी ती काढायला तो शाळेतून जीव तोडून पळत घरी यायचा. पुढे १९७६ मध्ये त्याने यावरच ‘द लोनलिएस्ट रनर’ हा दूरचित्रवाणीपट लिहून दिग्दर्शित केला. आपल्या देशातही २०१२ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका नामवंत निवासी शाळेत पाचवीतल्या मुलीला अंथरूण ओलं केल्याबद्दल स्वतःचं मूत्र चाटायला लावल्याचा आरोप झाला आणि वसतिगृहाच्या वॉर्डनला अटक झाली.

इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलचा अनुभव या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे. आठव्या वर्षी त्याला निवासी शाळेत ठेवलं आणि काही आठवड्यांतच त्याचं अंथरूण ओलं होऊ लागलं. घरी तो त्रास केव्हाच संपला होता. मुख्याध्यापकाने त्याला घोड्याच्या चाबकाने मारलं. ‘लागलं नाही’ असं तो बाहेर येऊन म्हणाला, ते ऐकू गेलं आणि चाबूक मोडेपर्यंत पुन्हा मार बसला. त्यानंतर लवकरच त्रास थांबला आणि हा रानटी उपाय कदाचित लागू पडत असावा, त्याची किंमत मात्र जबर असते, अशा अर्थाचं पुढे त्याने स्वतःच लिहिलं. ऑर्वेलसारखा चिकित्सक माणूसही या ठिकाणी चकला, कारण ‘उपाय केला आणि मग थांबलं’ हा क्रम फार पटणारा असतो. मुळात आपोआप बऱ्या होणाऱ्या गोष्टीवर कोणताही उपाय केला, तरी काही घरांत तो यशस्वी ठरतोच. चाबूक असो, तीळगूळ असो की व्यायाम.

रात्री नेमकं काय बिघडतं, हे गेल्या चाळीस वर्षांत बऱ्यापैकी उलगडलं आहे. मेंदू रात्री व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक जास्त सोडतो, त्यामुळे मूत्रपिंडं कमी लघवी तयार करतात. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात दाखवलं, की अंथरूण ओलं करणाऱ्या काही मुलांमध्ये ही रात्रीची वाढ होतच नाही. काही मुलांचं मूत्राशय वयाच्या मानाने कमी साठवतं. वयात एक मिळवून ३०ने गुणलं की अपेक्षित क्षमता मिलिलिटरमध्ये मिळते, म्हणजे सात वर्षांच्या मुलाची सुमारे २४० मिलिलिटर. तिसरा घटक झोप. ‘हा कुंभकर्ण आहे, ढोल वाजवला तरी उठत नाही’ ही आईची तक्रार प्रयोगातही खरी ठरली आहे. कॅनडात झोपलेल्या मुलग्यांच्या कानात वाढत्या आवाजाचे सूर सोडून पाहिले, तेव्हा इतर मुलं सुमारे ४० टक्के वेळा जागी झाली आणि अंथरूण ओलं करणारी जेमतेम ९ टक्के वेळा. हाँगकाँगमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. तीव्र त्रास असलेल्या मुलांचा मेंदू रात्रभर पुनःपुन्हा चाळवतो, झोप तुटक होते, तरी मूल पूर्ण जागं होऊ शकत नाही. आळस किंवा हट्ट यांचा इथे काही संबंध नाही.

आता रिफ्लेक्सच्या बाजूकडे वळू. इंग्लंडमध्ये पीटर ब्लाइद यांनी १९७५ मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर न्यूरो-फिजिऑलॉजिकल सायकॉलॉजी’ स्थापन केली. सॅली गोडार्ड ब्लाइद यांच्या पुस्तकांमुळे तिचा विचार जगभर पोचला. स्वीडनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ हाराल्ड ब्लॉमबेर्ग यांनी बाळाच्या नैसर्गिक हालचालींवरून तालबद्ध व्यायामांची पद्धत बसवली. तपासणी साधी असते. मूल हात आणि गुडघे टेकून घोड्यासारखं उभं राहतं, तपासणारी व्यक्ती कण्यापासून दोन बोटं अंतर सोडून बोथट पेन्सिलने खांद्याखालून कमरेपर्यंत रेघ ओढते, आणि कंबर त्या बाजूला झटकन हलली तर ‘गालांट शिल्लक आहे’ असा निष्कर्ष निघतो. मग व्यायाम. त्यातला एक नेहमीचा: पाठीवर उताणं पडून हात आणि पाय एकाच वेळी जमिनीवरून घासत बाहेर फाकवायचे आणि तितक्याच सावकाश परत आणायचे. असे प्रकार रोज पाच-दहा मिनिटं, साधारण वर्षभर.

या दाव्याला पायाच नाही असं म्हणता येणार नाही. नवजात बाळाच्या पाठीचा आणि लघवीचा संबंध खरोखर आहे. माकडहाडापासून मानेकडे कण्यावरून बोट फिरवलं, की बाळ रडतं, अंग ताणतं आणि पुष्कळदा शू करतं. ‘पेरेझ रिफ्लेक्स’ म्हणून तो पुस्तकांत नोंदलेला आहे. २०१३ मध्ये माद्रिदच्या डॉक्टरांनी याच दिशेने एक उपयोगी तंत्र प्रसिद्ध केलं. नवजात बाळाच्या लघवीचा नमुना मिळवताना सगळ्यांचीच दमछाक होते. त्यांनी बाळाला दूध पाजून काखेत धरून उभं केलं, ओटीपोटावर बोटांनी हलके ठोके दिले आणि मग कमरेच्या दोन्ही बाजूंना गोलाकार मालिश केली. ८० बाळांपैकी ८६ टक्के बाळांकडून नमुना मिळाला, तोही सरासरी एका मिनिटाच्या आत. बाळाला पायांवर पालथं घालून पाठ चोळणाऱ्या आपल्याकडच्या मालिशवाल्या बायकांना यात काही नवल वाटणार नाही.

अडचण पुढच्या उडीत आहे. माद्रिदची बाळं महिन्याच्या आतली होती. एक ते बारा महिन्यांच्या बाळांवर मेलबर्नमध्ये अशाच हेतूने ओटीपोटावर गार ओला कापूसगॉज चोळून पाहिला, तेव्हा पाच मिनिटांत लघवी करणाऱ्यांचं प्रमाण ३१ टक्के होतं आणि काहीच न करता नुसती वाट पाहिलेल्यांत १२ टक्के. उत्तेजन वेगळं असल्याने दोन्ही आकडे थेट शेजारी मांडता येत नाहीत, पण त्वचेला स्पर्श केला की हमखास लघवी, असं समीकरण पहिल्या वर्षातही उरत नाही. तिथून आठ वर्षांच्या मुलाच्या इलॅस्टिकपर्यंत पोचायला मधला पूल कुणी बांधलेला नाही. शिवाय मूळ गालांट रिफ्लेक्स कंबर वळवतो, मूत्राशय रिकामं करणं हे त्याच्या वर्णनात नाही. तेच मूल दिवसभर गणवेशाचा घट्ट पट्टा लावून बाकावर बसतं आणि कोरडं राहतं. जागेपणी मेंदू रिफ्लेक्स दाबून ठेवतो, असं यावर समर्थकांचं उत्तर आहे. ते अशक्य नाही, पण मग झोपेत ते दाबणं का सुटतं हा प्रश्न उरतो आणि त्याची उत्तरं व्हॅसोप्रेसिन, मूत्राशयाची क्षमता आणि जाग न येणं यांत आधीच सापडलेली आहेत.

व्यायामांची एक कसोशीची परीक्षा झाली आहे, पण ती वाचनाच्या संदर्भात. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात मार्टिन मॅकफिलिप्स आणि सहकाऱ्यांनी वाचनात मागे पडलेली आठ ते अकरा वर्षांची ६० मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एकाला रिफ्लेक्सचे व्यायाम, दुसऱ्याला तसेच दिसणारे पण हेतू नसलेले व्यायाम, तिसऱ्याला काहीच नाही. कोणाला काय मिळतंय हे मोजणाऱ्यांना माहीत नव्हतं. पहिल्या गटाची प्रगती उजवी ठरली आणि २००० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो शोधनिबंध छापला. हा प्रयोग प्रामाणिक होता. पण तो गालांटबद्दल नव्हता, मानेच्या हालचालीशी जोडलेल्या वेगळ्या रिफ्लेक्सबद्दल होता, आणि गादी ओली की कोरडी हे त्यात कुणी मोजलं नव्हतं. अंथरुणासाठी त्याचा दाखला देणं म्हणजे एका परीक्षेची गुणपत्रिका दुसऱ्या परीक्षेला जोडणं. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१० मध्ये या विषयावर सविस्तर मार्गदर्शिका काढली. तिच्या उपचारांच्या पायऱ्यांत रिफ्लेक्सचे व्यायाम नाहीत.

मग ज्या पालकांना गुण आला ते खोटं बोलतात का? अजिबात नाही. शंभर मुलांनी वर्षभर व्यायाम केले तर त्यातली पंधरा-एक मुलं व्यायामांशिवायही कोरडी झालीच असती. शिवाय थेरपी सुरू झाली की घरात बाकीही बदलतं. संध्याकाळचं पाणी आटोक्यात येतं, झोपण्यापूर्वी शू करण्याची सवय लागते, ओरडणं थांबतं, बाबा रोज दहा मिनिटं मुलाबरोबर जमिनीवर लोळतात. मुलाला आपण काहीतरी करतोय असं वाटू लागतं. यातला प्रत्येक बदल चांगलाच आहे, श्रेय मात्र सगळं गालांटच्या खात्यावर जमा होतं. आणखी एक धागा आहे. अतिचंचलता असलेल्या मुलांमध्ये अंथरूण ओलं होण्याचं प्रमाण दुपटी-तिपटीने जास्त आढळतं, आणि प्रागमधल्या संशोधकांना अशाच मुलांमध्ये आदिम रिफ्लेक्सही अधिक सापडले. पेन्सिलीने कंबर हलणं आणि रात्री गादी ओली होणं या दोन्ही गोष्टी मज्जासंस्था सावकाश पिकत असल्याच्या खुणा असू शकतात. तसं असेल तर त्या एकमेकींच्या बहिणी ठरतात, माय-लेकी नाहीत.

सिद्ध झालेल्या उपायांत सुरुवात पोटापासून करावी लागते. गच्च भरलेलं मोठं आतडं मूत्राशयाला दाबतं आणि चाळवतं. मॉन्ट्रियलच्या शॉन ओ’रीगन यांनी १९८०च्या दशकात बद्धकोष्ठता हे अंथरूण ओलं होण्याचं दुर्लक्षित कारण असल्याचं दाखवलं. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेत बद्धकोष्ठता असलेल्या २३४ मुलांचा अभ्यास झाला. त्यातल्या ज्यांचं अंथरूण ओलं व्हायचं, त्यांच्यापैकी ६३ टक्के मुलांचा तो त्रास नुसतं पोट साफ राहू लागल्यावर थांबला. ‘रोज जातो की!’ एवढ्याने खात्री होत नाही. रोज जाणाऱ्या मुलाच्याही आतड्यात जुना साठा राहू शकतो. आपल्याकडे यात शाळेची भर पडते. शाळेतलं स्वच्छतागृह घाण असतं म्हणून मुलं, विशेषतः मुली, दिवसभर पाणीच पीत नाहीत, लघवी आणि शौच दोन्ही दाबून ठेवतात आणि घरी आल्यावर संध्याकाळी तांब्याभर पाणी रिचवतात. पाण्याचा मोठा वाटा दुपारपर्यंत संपावा आणि संध्याकाळनंतर साधारण पाचवा हिस्सा उरावा, अशी विभागणी डॉक्टर सुचवतात. ती पाळायची तर शाळेत जाण्याजोगं स्वच्छतागृह हवं. या प्रश्नावर इतकं बोलूनही शाळेच्या नळाकडे कुणाचं लक्ष जात नाही, ही गोष्ट संताप आणणारी आहे.

दुसरा उपाय घंटेचा. त्याचा शोध अपघातानेच लागला. माइनहार्ट फाउंडलर या बालरोगतज्ज्ञाने १९०४ च्या सुमारास वॉर्डातल्या मुलांचं अंथरूण ओलं झालं की परिचारिकांना कळावं म्हणून घंटा बसवली, आणि मुलं कोरडी होऊ लागली. १९३८ मध्ये अमेरिकेत मॉवरर दांपत्याने त्यातून रीतसर उपचार घडवला. आज आतल्या चड्डीला लावायचा छोटा संवेदक आणि खांद्यावर अडकवायचा अलार्म मिळतो. पहिले काही आठवडे अलार्मने सगळं घर उठतं, फक्त मूल झोपलेलं असतं! तेव्हा आई किंवा बाबांनी उठून त्याला पूर्ण जागं करायचं, स्वतःच्या पायांनी बाथरूमपर्यंत चालायला लावायचं, चादर बदलताना हाताशी घ्यायचं. एकाच खोलीत पाच माणसं झोपत असतील तर हे सोपं नाही, ते आधीच ठरवून घ्यावं लागतं. दोन-तीन महिने चिकाटी ठेवली तर सुमारे दोनतृतीयांश मुलं कोरडी होतात आणि उपचार संपल्यावरही जवळपास निम्मी कोरडी राहतात. झोपलेल्या मुलाला बारा वाजता उचलून बाथरूममध्ये उभं करण्याची घरोघरची पद्धत मात्र चादर वाचवते, मूल त्यातून काही शिकत नाही.

तिसरा उपाय औषधाचा. प्रागमध्ये १९६७ साली तयार झालेलं डेस्मोप्रेसिन हे औषध व्हॅसोप्रेसिनची जागा घेतं. घेतलं त्या रात्री बऱ्याच मुलांना गुण येतो, पण बंद केल्यावर त्रास पुष्कळदा परततो. औषध घेतल्यावर जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकतं, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये या कामासाठी नाकातल्या फवाऱ्याचा वापर थांबवला. गोळ्याही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या.

तपासणीत एक जागा चुकवू नये, आणि योगायोगाने ती जागा तीच आहे: पाठीचा खालचा भाग. तिथे केसांचा झुपका, खोल खळगा किंवा मऊ गाठ असेल तर मज्जारज्जूच्या जन्मजात दोषाची शंका घ्यावी लागते. सात वर्षांच्या मुलात बाळाचे रिफ्लेक्स खरोखरच ठळकपणे दिसत असतील, तर त्याला आधी मेंदूरोगतज्ज्ञाकडे न्यावं, व्यायाम नंतर. सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, दिवसाही कपडे भिजू लागले, लघवीला जळजळ होते, सारखी तहान लागून वजन उतरतंय, चाल बदलली आहे, किंवा मूल जोरात घोरतं, यातलं काहीही असेल तर थांबून चालत नाही. साखर वाढल्याची पहिली खूण कधी कधी ओली गादीच असते. घोरणाऱ्या मुलांच्या वाढलेल्या टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइडचा इलाज झाल्यावर अंथरुणाचा त्रासही अनेकदा संपतो.

एवढं सगळं तपासून झाल्यावर कुणाला व्यायाम करायचे असतील तर त्यांत धोका नाही. मुलाला ते आवडले तर त्याने जरूर करावेत. पण थेरपी घेण्याआधी काही गोष्टी नक्की कराव्यात. दोन आठवडे ओल्या-कोरड्या रात्रींची वहीत नोंद ठेवावी, म्हणजे पुढचा फरक आठवणीवर न राहता मोजता येईल. किती महिने, किती पैसे आणि गुण आला नाही तर केव्हा थांबायचं, हे केंद्राकडून आधीच ठरवून घ्यावं. पोटाचा इलाज किंवा अलार्म ‘आधी रिफ्लेक्स जाऊ द्या’ म्हणून पुढे ढकलायला कुणी सांगत असेल तर ते ऐकू नये, कारण आठ वर्षांच्या मुलासाठी वर्ष फार मोठं असतं. आणि शाळेची मुक्कामी सहल तोंडावर आली असेल, तर महिनाभर आधी बालरोगतज्ज्ञांना भेटून डेस्मोप्रेसिनची गोळी घरी दोन-चार रात्री देऊन पाहावी. गोळीच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी अगदी घोटभरच, ही अट मुलाला आणि बरोबर जाणाऱ्या एका विश्वासाच्या शिक्षकांना समजावून सांगावी, बॅगेत गडद रंगाची जादा चड्डी आणि प्लॅस्टिकची पिशवी ठेवावी, आणि त्याला सहलीला जाऊ द्यावं.